उमेदवाराची पेटी

लांकडी पेटीच्या कोपऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. झाकण पाहतात, कुलूप पाहतात, आंत काय आहे तें तर सर्वांच्या अगोदर पाहतात. परंतु दोन फळ्या जेथें एकमेकींस काटकोनांत मिळतात त्या जागेवर ज्याची नजर प्रथम जाते, तो बहुधा सुतार असतो. पेटीचें आयुष्य त्या जागीं ठरतें, हें त्याला ठाऊक असतें. खिळ्यांनीं जोडलेली पेटी चारदोन वर्षें बरी दिसते. पुढें पावसाळ्यांत फळी फुगते, उन्हाळ्यांत आकसते, खिळ्याभोंवतालचें लांकूड सैल होतें आणि एके दिवशीं ओझ्यासकट तळ हातांतून निसटतो. नुसता सरस लावावा, तर फळीच्या आडव्या कापावर तो नीट धरत नाहीं. कारण तेथें लांकडाच्या नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात व तीं सरस पिऊन टाकतात. या दोन अडचणींतून मनुष्यानें जो मार्ग काढला, त्याला इंग्रजींत डव्हटेल म्हणतात.

एका फळीच्या टोकाला वरून रुंद व मुळाशीं अरुंद अशा शेपट्या कापावयाच्या, दुसऱ्या फळीच्या टोकाला त्यांच्यामध्यें बरोबर बसतील अशा खुंट्या ठेवावयाच्या आणि एकीवर दुसरी ठोकून बसवावयाची, एवढीच ही युक्ति. एका दिशेनें हा सांधा बसतो. दुसऱ्या दिशेनें कितीहि ओढला तरी लांकूड फाटल्यावांचून सुटत नाहीं. मेजाचा खण रोज पुढें ओढला जातो, तरी त्याचें तोंड हातांत येत नाहीं, तें यामुळेंच. इंग्रजांना या आकारांत कबुतराची शेपटी दिसली. फ्रेंच आणि जर्मन लोकांनीं तिला भिंगरीची शेपटी म्हटलें. पक्षी कोणताहि असो, शेपटी फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतून जें लांकडी सामान निघालें, त्यांत हा सांधा सांपडतो. त्या सुतारांजवळ लोखंडी हत्यारें नव्हतीं. तांब्याच्या व काशाच्या करवतींनीं आणि पटाशांनीं त्यांनीं हें काम केलें.

येथें विचार करावयाचा आहे तो मात्र निष्णात कारागिराच्या कौशल्याचा नव्हे. हा सांधा नवशिक्याच्या हातीं कसा आला, कोणीं दिला आणि कशासाठीं दिला, हा इतिहास अधिक मनोरंजक आहे. कारण एकाच लहानशा पेटीनें शंभर वर्षांच्या आंत दोन निरनिराळीं कामें केलीं. आरंभीं ती उमेदवाराच्या भाकरीची तयारी होती; पुढें ती शाळेंतील धडा झाली. हें स्थित्यंतर सुखासुखीं झालें नाहीं.

इ. स. १८३९ मध्यें लंडनच्या चार्ल्स नाइट या प्रकाशकानें निरनिराळ्या धंद्यांची ओळख करून देणारीं लहान पुस्तकें काढलीं. त्यांतील एक सुतारकामाचें होतें. लेखकानें नांव दिलेलें नाहीं. परंतु तो कारखान्यांत वावरलेला असला पाहिजे, हें पानोपानीं जाणवतें. पुस्तकाचा नायक टॉमस नांवाचा एक मुलगा. गांवांतल्या एका सुताराकडे तो उमेदवार म्हणून राहतो. पहिल्या दिवसांत त्याच्या वांट्याला येतें तें हरकाम्याचें काम: झाडलोट करावी, सरसाचें भांडें सांभाळावें, मोठ्यांच्या हाताखालीं वागावें. मग तो तीन वस्तू करतो. पहिली, सामान पाठविण्याची खिळ्यांची पेटी. दुसरी, शाळेला निघालेल्या मुलासाठीं डव्हटेलची पेटी. तिसरी, खणांचें कपाट. या क्रमांत त्या अज्ञात लेखकाचें सारें शहाणपण आहे. खिळ्यांची पेटी घाईची असते. तिच्यांत करवत सरळ चालविण्यास आणि हातोडी नेमकी मारण्यास मुलगा शिकतो. शाळेची पेटी घाईची नसते. ती अनेक वर्षें टिकावयाची, घरापासून दूर आपटत धोपटत जावयाची. तेथें डव्हटेलवांचून गत्यंतर नाहीं. आणि ज्याला एका पेटीचे चार कोपरे साधले, त्याला कपाटाचे खण हें त्याच कामाचें आवर्तन असतें.

चार कोपरे साधणें ही गोष्ट मात्र ऐकावयास सोपी आहे. नवशिक्याची खरी परीक्षा करवत हातांत घेण्यापूर्वींच सुरू होते. फळ्या सपाट व काटकोनांत नसल्या, तर पुढचा सारा खटाटोप व्यर्थ. फळीच्या जाडीइतक्या अंतरावर टोकापासून सभोंवार एक रेघ ओढावयाची, ही मर्यादारेषा. हिच्या पलीकडे करवत गेली कीं सांधा कायमचा डागळला. मग शेपट्यांचा उतार आंखावयाचा. मऊ लांकडांत सहास एक आणि कठीण लांकडांत आठास एक, असें प्रमाण सुतार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. उतार फार दिला तर शेपटीचे कोपरे तुटतात. फार कमी दिला तर ती शेपटी न राहतां नुसता दांता होतो व ओढ लागतांच सुटतो. नंतर करवत. ती रेघेवर न चालतां रेघेच्या टाकाऊ बाजूस चालली पाहिजे, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. पटाशीनें मधलें लांकूड काढतांना निम्में एका अंगानें व निम्में दुसऱ्या अंगानें काढावयाचें; एकाच बाजूनें आरपार गेलें कीं पलीकडच्या अंगाची कपची उडालीच म्हणून समजावें.

यापुढची पायरी सर्वांत नाजूक. कापलेल्या शेपट्या दुसऱ्या फळीच्या टोकावर ठेवून त्यांच्याच कडेनें चाकूच्या टोंकानें खुंट्यांच्या खुणा करावयाच्या. येथें मोजपट्टी उपयोगाची नाहीं. शेपटी जशी कापली गेली तशी, तिच्यांतील सगळ्या उण्याअधिकासह, खुंटीवर उमटवावयाची असते. म्हणून डव्हटेलचा कोणताहि कोपरा दुसऱ्या कोपऱ्याशीं अदलाबदल होऊं शकत नाहीं. नवशिका फळ्यांवर आंकडे घालावयास विसरला, तर पहिल्या कोपऱ्याच्या शेपट्या तिसऱ्या कोपऱ्याच्या खुंट्यांवर बसवूं लागतो आणि चांगल्या केलेल्या कामाला उगाच तासूं लागतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ज्या भागाला राखावयाचें तोच कापून टाकणें. यासाठीं जुने कारागीर टाकाऊ भागावर पेन्सिलीनें फुली मारावयास लावीत. तिसरी चूक उतावळेपणाची. सांधा पुन्हां पुन्हां बसवून काढून पाहिला कीं त्याच्या कडा झिजतात व तो सैल होतो. तो अर्धवट बसवून अंदाज घ्यावयाचा आणि पूर्ण एकदांच ठोकावयाचा.

या सगळ्यांत शिक्षकाला बोलावें असें फारसें उरत नाहीं. सांध्यांतून प्रकाश दिसला, तर चूक झाली हें मुलाला स्वतःलाच दिसतें, आणि कोठें झाली हेंहि दिसतें. व्याकरणांतली चूक गुरुजींनीं दाखवावी लागते. गणितांतली चूक उत्तरांच्या पानावरून कळते. ही चूक मात्र वस्तूच दाखविते. युरोपांतल्या शिक्षणशास्त्रज्ञांचें लक्ष या गोष्टीकडे गेलें, परंतु सावकाश. आणि तेंहि अशा वेळीं कीं जेव्हां या कौशल्याला बाजारांत किंमत उरली नव्हती.

अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील चार्ल्स नॅप यानें खणांचे सांधे कापणाऱ्या यंत्राचें पेटंट १८६७ सालीं घेतलें. त्याच्या यंत्राचा सांधा अगदीं शेपटीच्या आकाराचा नव्हता. अर्धवर्तुळाकार कापांत गोल खुंट्या बसत. पण खण पक्का होई आणि यंत्र थकत नसे. हातानें काम करणारा चांगला कारागीर दिवसाकांठीं पंधरावीस खण जोडी, तेथें हें यंत्र दोनशेंच्या वर जोडतें, असें तेव्हां सांगितलें जाई. लवकरच खऱ्या डव्हटेलसारखे सांधे कापणारीं यंत्रेंहि आलीं. टॉमसानें सात वर्षें घालवून जें मिळविलें असतें, तें आतां पट्टा जोडून चाक फिरविलें कीं मिळूं लागलें. हाताच्या डव्हटेलचा धंदा संपला असें नव्हे. पण नवीन मुलानें त्याच्यासाठीं उमेदवारी कां करावी, याला उत्तर देणें कठीण झालें.

नेमक्या त्याच वर्षांत फिनलंडमध्यें एका पाद्र्यानें निराळें उत्तर दिलें. त्याचें नांव उनो सिग्नेयस. तरुणपणीं तो त्या वेळीं रशियाच्या ताब्यांत असलेल्या अलास्कांत सिटका येथें धर्मोपदेशक होता. स्वदेशीं परतल्यावर त्याच्याकडे प्राथमिक शाळांची घडी बसविण्याचें काम आलें. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांचा त्याच्यावर मोठा पगडा होता. १८६६ च्या शिक्षणविषयक कायद्यानें फिनलंडच्या लोकशाळांत हस्तव्यवसाय हा विषय आला. लिहिणें, वाचणें, गणित यांच्या शेजारीं रंधा आणि करवत यांना स्थान देणारा हा पहिला देश होय. सिग्नेयसचें म्हणणें असें कीं हा विषय कोणाला सुतार करण्यासाठीं नाहीं. डोळा, हात आणि मन यांना एकत्र वळण लावण्यासाठीं तो आहे.

शेजारच्या स्वीडनमध्यें हाच विषय दुसऱ्याच दाराने आंत आला. तेथील शेतकरी लांब हिवाळ्याच्या रात्रीं घरांत बसून चमचे, परातीं, दांताळीं, पेट्या असें सामान करीत. या घरगुती कारागिरीला तिकडे स्लॉइड म्हणतात. ज्याच्या हाताला कसब आहे अशाविषयींच्या एका जुन्या शब्दापासून हें नांव आलें. कारखान्यांचा स्वस्त माल खेड्यांत शिरला आणि ही कारागिरी ओसरूं लागली. गोथेनबर्गचा व्यापारी आउगुस्ट आब्राहामसन यानें १८६८ सालीं नेस येथील जमीन व वाडा विकत घेतला. त्याचा भाचा ओटो सालोमन, जन्म १८४९ चा, तेथें व्यवस्थेला आला. मामाभाच्यांनीं १८७२ मध्यें मुलांची कामशाळा उघडली, पुढें मुलींची उघडली आणि १८७५ पासून शिक्षक तयार करण्यास आरंभ केला. या वेळपर्यंत त्यांच्या मनांत होता तो धंदाच. बुडती कारागिरी वांचवावी आणि खेड्यांतल्या घरांत चार पैसे यावेत, एवढाच हेतु.

१८७७ सालीं सालोमन फिनलंडांत युव्हॅस्क्युला येथें सिग्नेयसला भेटावयास गेला. त्या भेटीनंतर त्याच्या विचारांची दिशा पालटली. कामशाळेंत किती पेट्या झाल्या हा प्रश्न मागें पडला. पेटी करतां करतां मुलाचें काय झालें, हा प्रश्न पुढें आला. सालोमननें आपल्या पद्धतीची जी मांडणी केली तींत हें सर्वत्र दिसतें. त्याच्या नमुन्यांची एक मालिकाच होती. आरंभीं चाकूनें तासलेली साधी काडी, मग फुलझाडाला आधार द्यावयाची गोल काडी, असें करीत करीत मुलगा पुढें डव्हटेलच्या कामापर्यंत पोंहोंचे. प्रत्येक नमुन्यांत मागच्यापेक्षां एकच नवी अडचण. वस्तु घरांत उपयोगी पडणारी असावी, केवळ शोभेची नसावी. ती मुलानें आरंभापासून शेवटपर्यंत एकट्यानें करावी. एकानें कापावयाचें, दुसऱ्यानें जोडावयाचें, ही कारखान्याची वांटणी शाळेंत नको. शिकविणारा कारागीर नसावा, शिक्षक असावा. आणि केलेली वस्तु मुलाची. ती त्यानें घरीं न्यावी.

हें शेवटचें कलम वरवर लहान वाटतें, पण साऱ्या वादाचें मूळ त्यांत आहे. मुलाची पेटी जर शाळेनें विकावयाची असेल, तर सदोष पेटी हें नुकसान ठरतें. मग मास्तर तिच्यावर स्वतः दोन हात फिरवितो, मंद मुलाला सोपें काम देतो आणि हुशार मुलाला तेंच तेंच करावयास लावतो. मुलगा ती घरीं नेणार असेल, तर एका कोपऱ्यांतून प्रकाश दिसला तरी कोणाचें कांहीं जात नाहीं. पुढची पेटी तो अधिक चांगली करील, एवढेंच.

सालोमनला विरोधहि झाला. इंग्लंडांतल्या जाणत्यांना मुलांच्या हातीं पहिलें हत्यार म्हणून चाकू देणें मुळींच पसंत नव्हतें. खरा सुतार चाकूनें काम करतो काय, असा त्यांचा सवाल. आक्षेप धंद्याच्या दृष्टीनें रास्त होता, परंतु सालोमन धंदा शिकवीतच नव्हता. त्याहून गंभीर मतभेद रशियाकडून आला. मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलचा प्रमुख व्हिक्टर देल्ला-व्होस यानें १८६८ च्या सुमारास दुसरीच रीत बसविली होती. वस्तु करावयाचीच नाहीं; सांधे तेवढे क्रमानें करावयाचे. आज साधा सांधा, उद्यां खांचेचा, परवां डव्हटेल. तपासून झाला कीं संपला. या रीतींत एका शिक्षकाला पुष्कळ विद्यार्थी एकदम शिकवितां येत आणि प्रगति नेमकी मोजतां येई. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनांत या सांध्यांचे नमुने मांडले गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष जॉन रंकल तें पाहून भारून गेला आणि अमेरिकेंतील हस्तशिक्षणाच्या शाळांनीं तोच कित्ता उचलला.

दोन्ही पद्धतींत सांधा एकच, कापण्याची रीत एकच. फरक इतकाच कीं एका मुलाच्या हातांत शेवटीं पेटी राहते आणि दुसऱ्याच्या हातांत लांकडाचे दोन तुकडे. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दुसरी रीत सोयीची असेल. तो सराव कशासाठीं करतों हें त्याला ठाऊक असतें. दहाबारा वर्षांच्या मुलाला सराव म्हणून कापलेल्या तुकड्यांचें प्रेम कोठून वाटणार? नेसचा विद्यार्थी गुस्टाफ लार्सन १८८८ सालीं बोस्टनला गेला व तेथें त्यानें स्लॉइडच्या शिक्षकांची शाळा चालविली. त्यानंतर अमेरिकेंतहि उपयोगी वस्तूंचा पक्ष बळावत गेला. नेसला तर जगाच्या सर्व बाजूंनीं शिक्षक व शिक्षिका येऊं लागल्या. उन्हाळी वर्गांत निरनिराळ्या देशांचे लोक एका ओळींतल्या बांकांवर शेजारीं शेजारीं उभे राहून रंधा मारीत. आब्राहामसन १८९८ मध्यें वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें ती संस्था स्वीडिश सरकारकडे गेली. सालोमन १९०७ पर्यंत जगला.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवर उभा राहिला तो १९३७ सालीं. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारें द्यावें, असें ठरलें. योजना तयार करण्यासाठीं झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली, तींत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा हे होते. समितीनें सुचविलेल्या मूलोद्योगांत सूतकताई व विणकाम यांच्याबरोबर सुतारकामहि होतें. वर्ध्याची योजना ही नेसची नक्कल नव्हती. तिचा उगम येथील दारिद्र्यांत होता. सालोमनच्या देशांत शाळेचा खर्च सरकार करूं शकत होतें. येथें लाखों खेड्यांत शाळाच नव्हत्या. म्हणून मुलांनीं केलेल्या वस्तूंतून निदान शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती.

म्हणजे नेसला जो प्रश्न मुलाच्या बाजूनें सुटला होता, तोच पुन्हां खुला झाला. पेटी कोणाची? परिषदेंतच प्रो. शहा यांनीं हरकत घेतली कीं शाळांचा माल बाजारांत आला, तर ज्यांचें पोट या धंद्यावर आहे त्या कारागिरांशीं स्पर्धा होईल. समितीच्या अहवालांतहि इशारा आहे: योजना राबवितांना आर्थिक बाजूवर भर पडून शिक्षणाचा व संस्कृतीचा हेतु बळी जाण्याचा धोका आहे, आणि तो टाळलाच पाहिजे. गांधीजींचा पक्षहि तकलादू नव्हता. जी वस्तु कोणी विकत घेणार नाहीं ती करतांना मूल खेळ खेळतें, काम करीत नाहीं, आणि कामाची प्रतिष्ठा अशा खेळानें वाढत नाहीं, असा त्यांतला विचार होता. सुताराचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा एका बांकावर करवत धरतील, हें या देशांत केवळ शिक्षणशास्त्र नव्हतें. ज्या समाजानें हातानें काम करणाऱ्याला शतकानुशतकें खालीं बसविलें, तेथें ती फार मोठी गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळा पुष्कळ निघाल्या व हळूहळू साध्या शाळांत मिसळून गेल्या. सुतारकाम वेळापत्रकांत कोठें कोठें उरलें. बांक, करवती, पटाशा आणि त्या हातांत घेऊं शकणारा शिक्षक मात्र क्वचित्‌ उरला.

उत्तरेकडे हा विषय टिकला. स्वीडनच्या शाळांत स्लॉइड आजहि सक्तीचा आहे, मुलगे आणि मुली दोघांनाहि. लांकूड, धातु व कापड हीं तिन्ही मुलें हाताळतात. फिनलंडांतहि हस्तव्यवसाय अभ्यासक्रमांत आहे. नेसचा वाडा लोकांना पाहावयास खुला आहे. आणि १८३९ च्या त्या निनांवी लेखकाचें पुस्तक, जें जवळजवळ विसरलें गेलें होतें, तें २००९ सालीं अमेरिकेंत पुन्हां छापलें गेलें. धंद्यासाठीं नव्हे, तर फावल्या वेळांत हातानें लांकूड घडविणाऱ्या हौशी लोकांसाठीं. आवृत्तीबरोबर टॉमसाच्या तिन्ही वस्तू प्रत्यक्ष करून, त्यांची रीत पायरीपायरीनें दाखविली आहे: खिळ्यांची पेटी, शाळेची पेटी आणि खणांचें कपाट, त्याच क्रमानें.